नंदाखालचं चर्च आणि हरित वसईचं दशक

२५ जुलै २०२४ रोजी फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले आणि वसईतलं नंदाखाल पुन्हा बातम्यांत आलं. उस्मानाबादला २०२० साली झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, एवढीच त्यांची ओळख अनेकांना होती. ते ज्या गावात आणि ज्या चर्चच्या छायेत वाढले, त्याची कहाणी मात्र फारशी कुणी सांगितली नाही.

तिची सुरुवातीची शतकं झटपट सांगता येतात. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली. किल्ल्यात मोठमोठे मठ उभे राहिले, तर आगाशी, निर्मळ, सांडोर या गावांत गावापुरती चर्च. नंदाखालचा धर्मग्राम १५७३ चा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. भीमाशंकरची मोठी घंटा त्यांतलीच. 

किल्ल्यात आज फ्रान्सिस्कनांच्या चर्चला छप्पर नाही. जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या दगडांवरची पोर्तुगीज अक्षरं पावसात भिजतात. वसईचा दगड इतका नावाजलेला की जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागाचं कोरीवकाम त्यातच झालं. गावच्या चर्चचा थाट साधा: जाड भिंती, चुन्याचा गिलावा, वेदीपर्यंत जाणारं एकच लांब दालन, धो धो पावसासाठी उतरतं कौलारू छप्पर आणि अंगणात क्रूस. त्यांतली बरीच पुढे डागडुजीत बदलली, काही नव्याने बांधली गेली. तरी भोवतीच्या केळीच्या बागा, पानवेली आणि पावसाचं पाणी साठवणारी बावखलं यांच्याशी त्यांचं नातं टिकून होतं.

त्या नात्यावरच १९८८ नंतर घाव पडला. हिरव्या पट्ट्यावर बांधकामाची नजर गेली. १९९० मध्ये वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे आलं. विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जाऊ लागलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली होती. आता त्याच मराठीत जमिनीचा प्रश्न मांडला जाऊ लागला. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक असलेले दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या पुढे उभे राहिले. मोर्चे निघाले, उपोषणं झाली. आंदोलकांना ‘विकासाचे वैरी’ म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. पाद्र्याने प्रार्थना सांगावी, जमिनीच्या भानगडीत पडू नये, असं शहाणपण शिकवणारेही कमी नव्हते. जुलै २०१८ मध्ये वसई दिवसचे दिवस पाण्यात राहिली, तेव्हा यांपैकी कुणीही चूक कबूल करायला पुढे आलं नाही.

पिंपरी-चिंचवडमधल्या निगडीकरांना हे परकं वाटू नये. तिथे १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं, शेतं गेली, आणि साडेबारा टक्के परताव्यासाठी शेतकऱ्यांनी दशकानुदशकं खेटे घातले. निगडीत आखीव पेठा तरी झाल्या. वसईत वाड्या गेल्या आणि आखणीही धड झाली नाही.

१९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचा अभिमान रास्तच. पण जुन्या चर्चच्या जतनाची गोष्ट निघाली की आजही रंग, लादी आणि रोषणाई यांवरच बोललं जातं. शेजारचं बावखल भराव टाकून बुजवलं, तर तो वारशाचा प्रश्न कुणाला वाटत नाही. वारशाच्या याद्यांत चर्चच्या इमारतीबरोबर बावखल आणि वाडीही नोंदवली गेली पाहिजे. नंदाखालपासून त्याची सुरुवात करायला कुणाची आडकाठी नसावी.