भांडा, पण जेवताना!

मी कॉन्व्हेंटवाला, मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. परवा कॉमन रूममध्ये मी 'द ट्रिप' लावली. दहा मिनिटांत निम्मी पोरं उठून गेली. "काय बे, हे दोघं नुसते जेवून राह्यले!" म्हणून हा लेख.

'द ट्रिप' ही बीबीसीची २०१० सालची सहा भागांची मालिका. तिचाच काटछाट करून सिनेमाही झाला. दिग्दर्शक मायकल विंटरबॉटम. स्टीव्ह कूगन आणि रॉब ब्रायडन, दोघेही १९६५ सालचे, यात स्वतःच्याच नावाने वावरतात. एक वर्तमानपत्र कूगनला उत्तर इंग्लंडमधल्या हॉटेलांवर लिहायला पाठवतं. मैत्रीण सोबत येत नाही म्हणून तो रॉबला नेतो. झाली स्टोरी! प्रसंग ठरलेले, पण बरेचसे संवाद जागच्या जागी सुचलेले. त्यामुळे भांडण खरंच वाटतं.

सगळ्यात गाजलेलं भांडण मायकल केन या नटाच्या नकलेवरून. वयाबरोबर त्याचा आवाज कसा खाली उतरला ते रॉब करून दाखवतो. कूगन म्हणतो, चूक, मी दाखवतो. आता गंमत नकलेत नाही हो! पंचेचाळिशीतली दोन माणसं तिसऱ्याच्याच आवाजावर हक्क सांगताहेत. कूगनला अजून मोठा नट व्हायचंय, रॉब आहे त्यात खूश. शेवटी रॉब बायको-लेकराकडे जातो आणि कूगन रिकाम्या फ्लॅटवर. तिथे हसू थांबतं.

मला हे चटकन कळलं, कारण आमच्या गांधीबागेत अशी जोडी घरातच होती. बाबा आणि बाजूच्या दुकानातले काका. वीस वर्षं दर रविवारी स्कूटरवर तर्री-पोहे खायला जायचे, कधी सावजी जेवायला. सावजीत जवसाचं तेल हवंच की नको, यावर जाताना भांडण, येताना तेच भांडण. आई म्हणायची, मग जाता कशाला?

मागच्या वर्षी काका मुलाकडे पुण्याला गेले. बाबा दोन रविवार एकटेच जाऊन आले. पोहे कसे होते विचारलं तर म्हणाले, "ठीक." तिसऱ्या रविवारी गेलेच नाहीत.

आता रविवारी सकाळी काकांचा फोन येतो. पुण्यात पोह्यांवर तर्री देत नाहीत, ही तक्रार.

"मग खातो काहून बे?" बाबा ओरडतात. फोन स्पीकरवर असतो, आई उठून दार लावून घेते.