डेंग्यूच्या डासाचे नाव

डेंग्यू पसरवणाऱ्या, पायांवर पांढरे पट्टे असलेल्या डासाचे शास्त्रीय नाव ‘एडिस इजिप्ती’ असून त्यातील पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, तर दुसरा जातीचा आहे. ‘एडिस’ हे नाव जर्मन कीटकशास्त्रज्ञ योहान मायगेन यांनी 1818 मध्ये ‘अप्रिय’ या अर्थाच्या ग्रीक विशेषणावरून घेतले, आणि ते अगदीच सौम्य म्हणावे लागेल. घर किंवा मंदिर या अर्थाचा लॅटिन शब्दही रोमन लिपीत असाच लिहिला जात असल्याने, घरात वावरणाऱ्या या डासाच्या नावाची व्युत्पत्ती तीच असावी असे सहज वाटते. परंतु ग्रीक शब्दातील पहिले दोन स्वर सुटे उच्चारले जातात, आणि हा भेद दाखवण्यासाठी जुन्या ग्रंथांत दुसऱ्या अक्षरावर दोन टिंबे दिलेली आढळतात, जी नामकरणाच्या आजच्या नियमांत बसत नाहीत.

‘इजिप्ती’ म्हणजे ‘इजिप्तचा’. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी 1762 मध्ये ‘क्युलेक्स इजिप्ती’ हे नाव दिले खरे, पण त्यांचे वर्णन दुसऱ्याच डासाशी अधिक जुळते असे पुढे लक्षात आल्याने, रूढ झालेले नाव टिकवण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाला 1964 मध्ये खास निर्णय द्यावा लागला. जातीची प्रजाती मूळ नावापेक्षा बदलली असल्यामुळे लिनियस यांचे नाव व वर्ष कंसात लिहितात.