क्रूझचे ताट, तिकीट आणि किनाऱ्यावरची सहल

पिंपरी : दिवाळीचा बोनस हाती पडला की निगडी, चिंचवड, भोसरीतील घराघरांत सहलीच्या गोष्टी सुरू होतात. एकेकाळी या गोष्टी अष्टविनायक आणि महाबळेश्वरपासून फार तर कन्याकुमारीपर्यंत पोहोचत. आता त्यांत समुद्रावरील क्रूझ सफरीची भर पडली आहे. टाटा मोटर्सला अजूनही ‘टेल्को’च म्हणणारी पिढी निवृत्तीच्या पैशांतून, तर चाकणच्या नव्या कारखान्यांतील तरुण अभियंते हप्त्यांवर या सफरीचे बेत आखतात. दोघांच्याही पुढे जाहिरातीतील एक ठळक आकडा असतो. तो आकडा आणि सफरीवर प्रत्यक्ष होणारा खर्च यांतील अंतर मात्र जहाजावर चढल्यानंतरच कळते. वारंवार क्रूझने जाणारा प्रवासी आणि पहिल्यांदा जाणारा प्रवासी यांच्यात खरा फरक पडतो तो इथेच.

मुंबईहून समुद्रमार्गे गोव्याला जाणे मराठी माणसाला नवे नाही. आगबोटीने कोकणात आणि गोव्यात जाणारी पिढी अद्याप आहे. तो प्रवास गरजेचा होता. चैनीचा प्रवास मुंबईच्या धक्क्याला लागला तो 2005 मध्ये, ‘सुपरस्टार लिब्रा’ या जहाजाच्या रूपाने. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये कान्होजी आंग्रे यांची आठवण सांगणारी ‘आंग्रिया’ मुंबई-गोवा मार्गावर आली आणि काही काळ चालली. 2021 च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ने मुंबईतून सफरी सुरू केल्या. हे जहाज मूळचे 1990 चे. त्याची लांबी सुमारे 211 मीटर असून त्यावर सुमारे 800 केबिन आहेत. 2024 मध्ये अमेरिकेत सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर सुमारे 7,600 प्रवासी मावतात, ‘एम्प्रेस’वर सुमारे 1,800. जाहिरातीतील चित्रे पाहताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

आधी जेवणाविषयी. औद्योगिक पट्ट्यातील वाचकाला जहाजावरील भोजनव्यवस्था समजावून सांगणे तसे सोपे आहे, कारण ती मुळात कॅन्टीनचीच व्यवस्था आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना कॅन्टीनचे बंधन घातले आणि पिंपरी-चिंचवडने पाळीप्रमाणे हजारो ताटे वाढण्याची शिस्त अंगी बाणवली. जहाजावरही तेच घडते. अनेक जहाजांवर मुख्य भोजनगृहात रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतात, एक लवकरची आणि एक उशिराची. प्रवाशाला त्यांपैकी एक ठरवून दिलेली असते. याशिवाय वरच्या डेकवर बुफे असतो. नवखा प्रवासी तिन्ही वेळा बुफेकडे धाव घेतो, कारण तिथे पदार्थ डोळ्यांसमोर मांडलेले दिसतात. अनुभवी प्रवासी मात्र सकाळी बुफे आणि रात्री मुख्य भोजनगृह अशी विभागणी करतो. भोजनगृहात पदार्थ मागणीनुसार ताटात येतो, रांग नसते, आणि एखादा पदार्थ आवडला नाही तर दुसरा मागवता येतो. त्याचे वेगळे पैसे सहसा पडत नाहीत, हे पुष्कळांना परतल्यावर कळते!

शाकाहाराची चिंता आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. मुंबईहून निघणाऱ्या सफरीत भारतीय आणि जैन भोजन मिळते. 2022 पासून सिंगापूरहून सफरी करणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’सारख्या जहाजांवरही भारतीय प्रवाशांची संख्या मोठी असल्याने तशी सोय आहे. युरोप किंवा अलास्काच्या सफरीत मात्र ‘शाकाहारी’ या शब्दाचा अर्थ कधी कधी उकडलेल्या भाज्या आणि पास्ता एवढाच निघतो. कांदा-लसूण वर्ज्य असेल, मधुमेहाचे पथ्य असेल, तर तशी नोंद तिकीट काढतानाच करावी लागते. स्वयंपाकघराचा शिधा बंदरातच भरला जातो. समुद्रात गेल्यावर आचाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. चहाचेही तसेच. यंत्रातील चहा फुकट, पण आपल्या चवीचा नव्हे. म्हणून ज्येष्ठ मंडळी चहाची पुडी बरोबर ठेवतात.

जेवण तिकिटात धरलेले असते, याचा अर्थ सर्वच भोजनगृहांतील जेवण धरलेले असते असा नाही. खास पाककृतींच्या भोजनगृहांना वेगळा आकार पडतो. मद्य, डबाबंद शीतपेये, ताजे रस, इंटरनेट, मसाज, छायाचित्रे हे सारे तिकिटाबाहेरचे. परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर कर्मचाऱ्यांसाठीची टिप दर माणशी दर रात्री आपोआप खात्यावर चढते, तीही डॉलरमध्ये. चौघांच्या कुटुंबाने पाच रात्रींची सफर केली तर ही टिप 20 वेळा मोजावी लागते. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. प्रत्येक खरेदी केबिनच्या कार्डावर नोंदवली जाते आणि खर्च होतो आहे याची टोचणीच राहत नाही. व्यवसायाचे खरे गणित यातच दडले आहे.

तेव्हा किफायत मोजायची कशी? जाहिरातीतील दर बहुधा बिनखिडकीच्या आतल्या केबिनचा आणि दोघांनी एकत्र राहण्याचा असतो. बंदरशुल्क आणि कर त्यावर निराळे. एकट्याने जाणाऱ्याला जवळजवळ दोघांचा दर पडू शकतो, तर त्याच केबिनमधील तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाला सहसा कमी. समजा, दोघांच्या तीन रात्रींच्या सफरीचा करांसह खर्च 75 हजार रुपये आला, तर रात्रीचे 25 हजार झाले. त्यातून त्या दर्जाच्या हॉटेलचे भाडे, दोघांचे तीन वेळचे जेवण, रात्रीचे कार्यक्रम आणि गोव्यापर्यंतचा प्रवास वजा करून उरलेला आकडा पाहावा. तो समुद्रावर राहण्याच्या हौसेचा दर होय. हौसेला मोल नाही हे खरे, पण ती किती रुपयांची आहे हे आधी ठाऊक असावे. दिवसभर डेकवर बसून समुद्र पाहण्यात रमणाऱ्याला बाल्कनीच्या केबिनचे पैसे वसूल होतात. केबिनमध्ये केवळ झोपायला येणाऱ्याला ते वाया गेल्यासारखेच आहेत.

पिंपरी-चिंचवडकरांना एक लाभ मात्र आयता मिळतो. इथल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि आठवड्याच्या मधल्या सफरी शनिवार-रविवारच्या सफरींपेक्षा बहुधा स्वस्त असतात. रजा प्रवास सवलतीवर (एलटीए) मात्र फार भिस्त ठेवू नये. करातील ही सूट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, तीही देशांतर्गत प्रवासाच्या भाड्यापुरती. राहण्या-जेवणाच्या खर्चाला नाही. क्रूझच्या तिकिटात भाडे, खोली आणि ताट एकत्र बांधलेले असते, त्यामुळे लेखा विभागाला आधी विचारून घेतलेले बरे. परदेशी सफरीच्या पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस हा अंतिम कर नसतो. विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो. कित्येक निवृत्तांना हे माहीत नसते.

सर्वाधिक निराशा होते ती किनाऱ्यावरील सहलींत. जहाज मार्मागोव्याला सकाळी 8 वाजता लागून सायंकाळी 6 वाजता सुटणार असेल, तर कागदावर 10 तास दिसतात. उतरण्याच्या रांगेत एक तास जातो. सुटण्याच्या तासभर आधी परतावे लागते. उरले आठ तास. मार्मागोवा ते पणजी अंतर सुमारे 30 किलोमीटर. जाण्या-येण्यात दोन तास धरले आणि जेवणाला एक, तर गोवा पाहायला पाच तास उरतात. एवढ्या वेळात जुन्या गोव्यातील चर्च, मंगेशी आणि कळंगुटचा किनारा या तिन्हींचा बेत आखणारे कुटुंब बहुतेक वेळ मोटारीतच घालवते. जाणते प्रवासी एकच ठिकाण निवडतात. गोवा ज्यांनी अनेकदा पाहिला आहे, त्यांतील काही तर जहाज सोडतच नाहीत; बाकीचे खाली उतरल्यावर पोहण्याचा तलाव मोकळा मिळतो.

कंपनीची सहल घ्यावी की स्वतः टॅक्सी करावी, याचे उत्तर बंदरागणिक बदलते. चौघांनी मिळून केलेली टॅक्सी सहसा स्वस्त पडते. पण कंपनीच्या बसला उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी सहसा थांबते, टॅक्सीवाल्या प्रवाशांसाठी थांबत नाही. मार्मागोव्यात जहाज चुकले तर रेल्वेने घरी येता येईल; परदेशातील बंदरात चुकले तर पुढच्या बंदरापर्यंतचे विमानभाडे पदरचे. कोचीत बंदरापासून मट्टनचेरी आणि फोर्ट कोचीन जवळ असल्याने तिथे स्वतःच्या सोयीने फिरणे सहज जमते. लक्षद्वीपचे प्रकरण वेगळे. तिथे जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि प्रवाशांना लहान बोटींतून बेटावर नेले जाते. समुद्र खवळलेला असेल तर उतरणेच रद्द होते. गुडघेदुखीच्या रुग्णाला हलत्या बोटीत पाऊल टाकणे कठीण जाते. आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा प्रश्न तिकिटाआधी विचारावा. प्रवेश परवाना कोण काढणार, हेही तेव्हाच ठरवून घ्यावे.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील सफरी थंडावतात. ‘एम्प्रेस’ 2023 च्या जूनमध्ये चेन्नईहून श्रीलंकेकडे रवाना झाली होती. मुंबईतील हंगाम पावसानंतरचा. बॅलार्ड पिअरवरील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन 2025 च्या सप्टेंबरमध्ये झाले असून ते सीएसएमटी स्थानकापासून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. द्रुतगती मार्गावरील घाटातील कोंडी लक्षात घेता चिंचवडहून पहाटेच निघणे श्रेयस्कर ठरते.

परतीच्या आदल्या रात्री सामान केबिनबाहेर ठेवण्याची सूचना येते. सावध प्रवासी त्याच रात्री स्वागतकक्षात जाऊन खात्याचा तपशील मागवतो आणि न घेतलेल्या शीतपेयांची नोंद निघाली तर तिथेच दुरुस्त करून घेतो. सकाळी त्याच खिडकीसमोर मोठी रांग असते आणि दुसऱ्या दिवशी अनेकांना पहिली पाळी गाठायची असते.