बीबी ते न्यूयॉर्क : शेवटचे साडेचारशे किलोमीटर

बुलडाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावात पहाटे कुणाचे निधन झाले आणि मुलगा अमेरिकेत असला, की एकच प्रश्न उभा राहतो : थांबायचे की उरकायचे? त्याचे उत्तर भावनेइतकेच भूगोलावरही अवलंबून असते.

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. येथे 'सरळ' म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ नव्हे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो मुंबईतून पश्चिमेला न जाता वायव्येला चढतो, आइसलंडपर्यंत पोहोचतो आणि तेथून खाली उतरतो. प्रत्यक्ष विमान मात्र वारे, हवामान आणि हवाई हद्दींची परवानगी पाहून मार्ग ठरवते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना लांबचा वळसा घ्यावा लागला.

ताशी नऊशे किलोमीटर वेग धरून भागाकार केल्यास चौदा तास येतात. वस्तुतः जाताना पंधरा-सोळा तास लागतात, तर येताना चौदाच्या आसपास. याचे कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, म्हणजेच जेट प्रवाह. भारताकडे येणाऱ्या विमानाला ते पाठीमागून रेटतात, म्हणजे घाईने घरी निघालेल्याला निदान वारा तरी अनुकूल असतो! पूर्वी ही सोय नव्हती. १४ मे १९६० रोजी एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली ती लंडनमार्गे. तिची मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सेवा ऑगस्ट २००७ मध्ये आली.

घड्याळाचा घोळ वेगळाच. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास असते. बीबीत पहाटेचे पाच वाजले असतील, तेव्हा उन्हाळ्यात तेथे आदल्या संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. समजा, मुलाला दुसऱ्या दिवशी दुपारी बाराचे विमान मिळाले. तो मुंबईत उतरेल तेव्हा येथे त्याच्या पुढच्या दिवसाचे साडेअकरा वाजलेले असतील. म्हणजे निधनाला तीस तास उलटून गेलेले.

आणि अजून बीबी आलेलेच नसते. मुंबईहून सरळ रेषेत ते पावणेचारशे किलोमीटर, रस्त्याने सुमारे साडेचारशे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्याने हा प्रवास आटोपशीर झाला खरा, तरी विमानतळावरील तपासणी, सामान आणि मुंबईची वाहतूक धरून सात-आठ तास जातातच. छत्रपती संभाजीनगरपर्यंतचे विमान तासाभराचे; पण ते वेळेवर जुळले पाहिजे, आणि तेथून पुन्हा सुमारे सव्वाशे किलोमीटर मोटार.

त्यामुळे गावाकडून 'किती तासांत पोहोचशील?' असे विचारले जाते, तेव्हा तिकिटावरचा चौदा हा आकडा सांगणे उपयोगाचे नाही. उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत सव्वीस ते तीस तास धरावेत, आणि ते विमान सुटण्याच्या वेळेपासून नव्हे, तर मुलगा तिकडचे दार ओढून घेतो तेव्हापासून मोजावेत.