निवृत्त मानसिक आरोग्य व्यावसायिकांची पुनर्नोंदणी (महाराष्ट्र)

निवृत्तीनंतर पुन्हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाने खंडित झालेली वैधानिक नोंदणी पूर्ववत करून घेणे म्हणजे पुनर्नोंदणी होय. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्याने नोकरी संपते, नोंदणी नव्हे. मात्र मुदतीत नूतनीकरण न केल्यास ती खंडित होते.

मनोविकारतज्ज्ञांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. तिचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे ३० श्रेयांक आवश्यक असतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नावे भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असतात. १९९२च्या पुनर्वास परिषद अधिनियमानुसार नोंदणीविना व्यवसाय केल्यास १ वर्षापर्यंत कारावास, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्ते यांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडेही होते.

साकोली (जि. भंडारा) येथून नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. अशा भागात निवृत्त तज्ज्ञाची सेवा मोलाची ठरते. तथापि, स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्या गंभीर रुग्णाला कलम ८९ अन्वये दाखल करताना दोन जणांची स्वतंत्र तपासणी लागते व त्यांतील एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. नोंदणी खंडित असलेल्या तज्ज्ञाला, अनुभव कितीही असला तरी, ही जबाबदारी घेता येत नाही.