घड्याळाची साक्ष

टेनिसचा सर्वश्रेष्ठ पुरुष खेळाडू कोण, या तकरारीचा फैसला कोणत्याही दरबारी होणे नाही. रॉड लेव्हरने १९६२ आणि १९६९ अशा दोन वर्षी चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. परंतु मधल्या काळात तो व्यावसायिक झाला, या एका कारणासाठी १९६३ ते १९६७ अशी ऐन उमेदीची पाच वर्षे त्या स्पर्धांची कवाडे त्याला बंद राहिली. फेडररची वीस, नदालची बावीस आणि जोकोविचची चोवीस अजिंक्यपदे वहीत मांडली, तरी चारांपैकी तीन स्पर्धा हिरवळीवर होत असतानाच्या काळी लाकडी रॅकेट घेऊन उतरणाऱ्या त्या पुरुषाचे खाते याच वहीत कसे ओढावे? आष्टीच्या स्टँडवर चहाच्या टपरीशी कॉलेजातली पोरे हा वाद हिरिरीने घालत असता मला वाटले की, ज्या खेळात घड्याळ साक्षीला उभे असते त्यात तरी हा प्रश्न सुटतो काय, हे याच तालुक्याच्या एका मनुष्यावरून तपासून पाहावे.

आष्टी म्हटले की इतिहासप्रेमी वाचकास बापू गोखले आठवतात आणि चळवळीत वाढलेल्यास बेचाळीस साल. परंतु पहिली आष्टी सोलापूरकडची आणि दुसरी वर्ध्याची. ही तिसरी, बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाची, १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात राहिलेली, पर्जन्याची कृपा जिच्यावर बेताचीच. एक कोयता म्हणजे एक जोडपे, असा मनुष्यगणतीचा हिशेब ज्या मुलखात चालतो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यास दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या जिथून साखर कारखान्यांकडे निघतात, त्या मुलखातली. याच तालुक्यातील मांडवा गावी १३ सप्टेंबर १९९४ रोजी अविनाश साबळे जन्मला. आईबाप वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा किलोमीटरांवर. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचिनचे बर्फ आणि राजस्थानची वाळू पाहून आला, आणि शर्यतीच्या धावण्याला त्याने आरंभ केला तो २०१५ मध्ये, म्हणजे वयाची वीस वर्षे उलटल्यावर.

त्याचा प्रकार तीन हजार मीटर स्टीपलचेस. त्यात कोरडे अडथळे अठ्ठावीस, पाण्याचे सात, आणि प्रत्येकाची उंची ९१.४ सेंटिमीटर. हर्डल पायाने उडते, हा ओंडका मात्र जागचा हलत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जागतिक विक्रमवीर लमेचा गिर्मा शेवटच्या फेरीत त्यालाच अडखळून असा आपटला की त्याला उचलून न्यावे लागले. पाण्यापाशी ओंडक्यावर एक पाय रोवून पुढे झेप घ्यायची. खड्डा ओंडक्याजवळ खोल आणि पलीकडे उथळ होत गेलेला, म्हणून जो दूर पडतो त्याचा घोटाच भिजतो आणि जो दमतो तो गुडघ्यापर्यंत बुडतो.

या प्रकारात गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये टोकियोस ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांची नोंद केली, आणि ती तब्बल सदतीस वर्षे भारतीय दप्तरातून कोणी खोडू शकला नाही. २०१८ साली भुवनेश्वरला साबळेने ८:२९.८० अशी वेळ देऊन ती खोडली, आणि पुढे आपलाच विक्रम तो पुन्हा पुन्हा मोडीत ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये ८:०९.९१ पर्यंत येऊन पोहोचला. मधे २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा आहे, जिथे १९९४ नंतर केनियाबाहेरच्या कोणाही पुरुषाला या शर्यतीत पदक मिळाले नव्हते. अंतिम शर्यतीत तीन केनियन धावक असताना साबळे शेवटच्या फेरीत अब्राहम किबिवोटच्या खांद्याशी येऊन भिडला, किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. एका सेकंदाचा विसावा हिस्सा! हांगझोऊच्या आशियाई सुवर्णपदकापेक्षा मी या रौप्याला अधिक मोल देतो.

एवढ्यावरून साबळे सैनींहून एकवीस सेकंदांनी श्रेष्ठ, असे घड्याळ म्हणते. परंतु याच घड्याळाने पाहिल्यास हेन्री रोनोने १९७८ मध्ये दिलेली ८:०५.४ ही जागतिक विक्रमाची वेळ साबळेला आजतागायत गाठता आलेली नाही. तेव्हा सेकंदांवर इतबार ठेवायचा तर तो बेताने ठेवावा. मला दुसरे माप रास्त वाटते: आपल्या काळातील जगाच्या अग्रस्थानापासून मनुष्य किती मागे होता? सैनी रोनोच्या विक्रमापासून सुमारे सव्वापाच टक्के मागे. साबळे गिर्माच्या ७:५२.११ पासून पावणेचार टक्के. म्हणजे या मापानेही साबळेच पुढे, आणि स्टीपलचेसपुरती तकरार मिटली.

मिटत नाही ती पुढची: लांब पल्ल्याच्या साऱ्या भारतीय धावकांत श्रेष्ठ कोण? बिहारातील बक्सरकडचा शिवनाथ सिंग हाही लष्करातलाच, अनवाणी पायांना पट्ट्या चिकटवून धावणारा. १९७८ मध्ये जालंधरला त्याने मॅरेथॉन २ तास १२ मिनिटांत पुरी केली. त्या वेळी जगातील सर्वोत्तम नोंद डेरेक क्लेटनची, २:०८:३३.६. अंतर पावणेतीन टक्क्यांच्या आत. आणि क्लेटनच्या त्या धावमार्गाच्या मोजणीविषयी जाणत्यांनी शंका घेतलेली असल्यामुळे हे टक्क्यांचे अंतर खरोखरी त्याहूनही थोडे असण्याचा संभव आहे. शिवनाथ १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अकरावा आला. साबळे पॅरिसमध्ये, स्टीपलचेसची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष म्हणून उतरला, तोही अकरावाच. मॅरेथॉनचा डांबरी रस्ता आणि ओंडक्यांची शर्यत एका तागडीत घालणे सदोष आहे, हे मान्य. अर्धमॅरेथॉन ६० मिनिटे ३० सेकंदांत धावणारा साबळे लांब अंतरासही कच्चा नव्हता, हेही मान्य. तरीही मी स्वतः निवडलेल्या मापाने माझ्या यादीत शिवनाथचे नाव वर जाते आणि साबळेचे त्याच्या खाली. टपरीवरच्या पोरांना मी हे अद्याप सांगितलेले नाही; आष्टीत राहायचे आहे.