रायपूरचे दोन मार्च

मार्च २०२० मध्ये रायपुरात कोरोनाची पहिली रुग्ण सापडली, ती लंडनहून आलेली. पुढचे काही आठवडे छत्तीसगडचं कौतुकच कौतुक चाललं. रुग्ण बोटांवर मोजण्याइतके, तेही टाटीबंधच्या एम्समधून बरे होऊन घरी जाणारे. तिकडे मुंबई-पुण्याचे आकडे रोज चढत होते. महाराष्ट्राला जमलं नाही ते आम्ही करून दाखवलं, असा सूर इथल्या मराठी घरांतही लागला. शाळा वेळीच बंद केल्या, सीमा आवळल्या, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण मुंबईएवढी विमानांची वर्दळ आणि धारावीसारखी दाटी आपल्याकडे नव्हतीच, हे सोयीस्करपणे बाजूला राहिलं.

मे महिन्यात त्याच टाटीबंधच्या चौकात महाराष्ट्र-तेलंगणातून निघालेले मजूर उतरू लागले. कुणाला झारखंड गाठायचं, कुणाला ओडिशा, कुणाला बंगाल. लोकांनी जेवणाची पाकिटं वाटली, चपलाही वाटल्या. चालून चालून अनेकांच्या पायांत काही उरलंच नव्हतं.

मग आला दुसरा मार्च. रोड सेफ्टी वर्ल्ड सिरीज ही क्रिकेट स्पर्धा २०२० मध्ये मुंबईत सुरू झाली होती आणि चार सामन्यांनंतर कोरोनामुळेच थांबली होती. उरलेली स्पर्धा वर्षभराने नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर झाली, प्रेक्षकांसकट. १५ ते २१ मार्च नागपुरात कडक लॉकडाऊन, आणि २१ मार्चलाच इथे अंतिम सामना! नागपूर आपल्यापासून तीनशे किलोमीटरही नाही. २७ तारखेला याच स्पर्धेत खेळलेल्या सचिन तेंडुलकरने आपल्याला कोरोना झाल्याचं जाहीर केलं. ९ एप्रिलच्या संध्याकाळी रायपूर बंद झालं. लाट काही एका मैदानातून उठत नाही. बाजार, लग्नं, सगळंच सुरू होतं. पण विदर्भाचे आकडे डोळ्यांसमोर असताना गॅलऱ्या भरू देणं हा निव्वळ बेफिकीरपणा होता. एप्रिलच्या मध्यापर्यंत मेकाहारा रुग्णालयाच्या शवागारात जागा उरली नाही.

त्याच दिवसांत भिलाईचा ऑक्सिजन मात्र टँकरने महाराष्ट्रात जात होता. केंद्राने तो रोज ११० टनांवरून ६० टनांवर आणला, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. ११० टनांचा पुरवठा चालू ठेवा, असं खंडपीठाने बजावलं.